विदर्भाच्या आमदार-खासदारांना खुलं पत्र: जेट राहू द्या, शिकाऊ विमानांचा कारखाना मागा

माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचं उद्घाटन झालं, मुंबईचं विमान उतरलं, भाषणं झाली. तेव्हापासून 'एव्हिएशन हब' हे शब्द आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या बैठकीतही ऐकू येतात. त्यानंतर दोनच महिन्यांनी पॅरिसहून बातमी आली की फ्रान्सची दसॉ कंपनी फाल्कन २००० हे बिझनेस जेट नागपूरच्या मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पात, जोडणार, पहिलं विमान २०२८ पर्यंत. चांगलंच आहे. मी त्याच्या विरोधात एक शब्दही लिहिणार नाही.

पण मला आपल्याकडे दुसरंच काहीतरी मागायचं आहे. नवशिक्या वैमानिकाच्या हातात जे पहिलं विमान देतात, ते बनवणारा एक लहानसा कारखाना. पन्नास वर्षं तेच काम करत बसेल, कंटाळणार नाही, असा.

माझी ओळख एवढीच की मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. आता निवृत्त आहे, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात वावर पाहतो आणि उरलेल्या वेळात विमानांच्या कारखान्यांचे इतिहास वाचतो. हा छंद पारावर सांगण्यासारखा नाही. "मास्तर, कापसाले भाव नाही अन् तुम्ही इमानं मोजून रायले," असं लोक म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. तरी या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली आहे, आणि धोरणं ठरवणाऱ्यांच्या कानावर ती घालायलाच हवी.

स्वित्झर्लंडमध्ये स्टान्स नावाचं गाव आहे. निडवाल्डन या चिमुकल्या प्रांताची राजधानी, वस्ती आठ हजारांच्या आसपास. आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण याहून मोठं असतं. युरोपात युद्ध पेटून चार महिने झाले नव्हते, तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९३९ मध्ये, तोफा बनवणाऱ्या ओर्लिकोन-ब्यूर्ले उद्योगाने तिथे डोंगरांच्या मधोमध एक विमान कंपनी काढली. जवळच्या डोंगराचं नाव पिलाटस, तेच कंपनीला दिलं. सुरुवातीला काम काय होतं? स्विस हवाई दलाच्या विमानांची देखभाल आणि दुरुस्ती. स्वतःची पहिली विमानं फसली. पेलिकन नावाचं एक १९४४ मध्ये उडालं, त्याचा दुसरा नग बनलाच नाही. चाललं ते एप्रिल १९४५ मध्ये उडालेलं पी-२, दोन आसनांचं शिकाऊ विमान. त्यात जर्मन मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचे सुटे भाग वापरले होते. युद्धाच्या काळात जे हाताशी होतं ते वापरलं आणि पन्नासेक विमानं बनवून हवाई दलाला दिली.

आता आपल्याकडे या. पिलाटस निघाली त्यानंतर बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १९४० मध्ये, बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. काढणारे वालचंद हिराचंद, जन्माने सोलापूरचे. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत असा हट्ट धरलेला माणूस. म्हैसूर संस्थानाने साथ दिली, एका अमेरिकन व्यावसायिकाने यंत्रं आणि कारागीर मिळवून दिले. १९४१ मध्ये तिथे जोडून उडवलेलं पहिलं विमान कोणतं? हार्लो पीसी-५. तेही शिकाऊच! मग महायुद्ध दारात आलं, सरकारने कंपनी हाती घेतली, आणि कारखाना अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र झाला. म्हणजे दोघांचीही सुरुवात सारखीच. दुरुस्तीवर हात बसला आणि शिकाऊ विमानावर डोकं चाललं.

स्वातंत्र्यानंतर बंगळुरात जे झालं ते आपल्या शाळांत शिकवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विष्णू माधव घाटगे नावाचे मराठी शास्त्रज्ञ होते. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. पंखाभोवती हवा कशी वाहते याचं आधुनिक शास्त्र ज्यांनी रचलं, ते हे प्रांटल. घाटगे परत आले, बंगळुरात भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्र शिकवू लागले, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये देशी शिकाऊ विमानाचा आराखडा त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. नाव एचटी-२. सगळं धातूचं, पंख खाली, दोन आसनं एकामागे एक, शेपटीखाली तिसरं चाक. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं. हवाई दलाने ते घेतलं आणि जुनं इंग्रजी टायगर मॉथ हळूहळू बाजूला झालं. अशी १७२ विमानं बनली. घाना नवा स्वतंत्र झाला होता, त्याच्या हवाई दलाची उभारणी भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने झाली, आणि तिथे १२ एचटी-२ गेली. आफ्रिकेतल्या एका नव्या देशाचे वैमानिक आपल्या विमानावर शिकले. हे विमान आपल्या हवाई दलात जवळजवळ चार दशकं राहिलं.

पिलाटसचं पुढचं शिकाऊ विमान पी-३. ते उडालं सप्टेंबर १९५३ मध्ये, म्हणजे एचटी-२ नंतर दोन वर्षांनी. स्विस हवाई दल आणि ब्राझीलचं नौदल मिळून त्याची मागणी ऐंशीच्या आतच राहिली. आमच्या निम्म्यापेक्षा कमी! त्या काळात दोन्ही कारखाने पाहणाऱ्या कोणालाही पैज लावायला सांगितलं असतं, तर त्याने बंगळुरावर लावली असती.

मग काय बिघडलं? कोणी आळस केला नाही, हे आधी सांगतो. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या (१९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल) अंगावर देशाने एवढी कामं टाकली की शिकाऊ विमानाकडे पाहायला कोणाला उसंतच राहिली नाही. नॅट हे ब्रिटिश लढाऊ विमान परवान्यावर बनवायचं, मारुत हे स्वतःचं लढाऊ विमान उडवायचं, फ्रेंच हेलिकॉप्टर, मालवाहू विमानं, आणि पुढे नाशिकजवळ ओझरला मिग-२१. १९६२ आणि १९६५ ची युद्धं झालेल्या देशाने हे केलं नसतं तर वेडेपणा ठरला असता. फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक झालं, शेतात फवारणीसाठी बसंत झालं, जेट शिकवण्यासाठी किरण झालं. पण एचटी-२ च्या जागी पहिल्या पायरीचं नवं विमान कधी उडालं? जानेवारी १९७७ मध्ये. मधे पंचवीस वर्षांहून जास्त काळ गेला. आराखडा करणारी ती मूळ मंडळी तोवर कुठल्या कुठे पांगली असणार.

मोठ्या विमानाचं स्वप्न स्विस लोकांनाही पडलं होतं, बरं का. त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका कंपनीने पी-१६ हे देशी लढाऊ जेट बनवलं होतं. दोनदा ते सरोवरात कोसळलं आणि १९५८ मध्ये शंभर विमानांची मागणी सरकारने रद्द केली. लढाऊ विमानं ते बाहेरून घेऊ लागले. शिकाऊ विमान मात्र स्टान्समध्येच बनत राहिलं.

आता माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९६६ मध्ये पिलाटसने आपल्या जुन्या पी-३ च्या एका विमानातलं पिस्टन इंजिन काढलं आणि त्या जागी कॅनडाचं टर्बोप्रॉप इंजिन, म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने प्रोपेलर फिरवणारं, बसवून ते उडवलं. वरुड-मोर्शीचा कोणताही बागायतदार हे एका वाक्यात समजून घेईल: खुंट जंभेरीचा, डोळा संत्र्याचा. तो प्रयत्न लगेच फळला नाही. विमान अपघातात गेलं, काम काही वर्षं थांबलं, सत्तरच्या दशकात पुन्हा हाती घेतलं. आणि १९७८ मध्ये कारखान्यातून जे बाहेर पडलं ते पीसी-७. ब्रह्मदेश आणि बोलिव्हिया पहिल्या गिऱ्हाइकांत होते. मग रांग लागली, पाचशेंहून जास्त विमानं जगभर गेली. १९८४ मध्ये पीसी-९ आलं. त्याच्यावरून अमेरिकन कंपनीने जे टेक्सन-२ बनवलं, त्यावर अमेरिकेचं हवाई दल आणि नौदल आज आपली पोरं शिकवतात. २००२ मध्ये पीसी-२१. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या हवाई दलाचं शिकाऊ विमान एका आठ हजार वस्तीच्या गावातल्या आराखड्यातून आलं.

आणि आम्ही? आम्हीही तेच केलं होतं! १९७७ ला उडालेल्या आमच्या शिकाऊ विमानाचं नाव एचपीटी-३२, दीपक. १९८४ मध्ये एचएएलने त्याच दीपकमधलं पिस्टन इंजिन काढून टर्बोप्रॉप बसवलं. नाव एचटीटी-३४. जूनमध्ये ते उडालं, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या प्रदर्शनात जगाला दाखवलंसुद्धा. पिलाटसने जी वाट धरली तीच. मागणी आली नाही, हवाई दलाने घेतलं नाही, आणि ते तिथेच संपलं. स्टान्समध्ये अपघातानंतर काम थांबलं, तरी काही वर्षांनी तेच कागद पुन्हा टेबलावर आले. आमचे कागद कपाटात राहिले. माझ्या मते दोन देशांतला सगळा फरक इथे आहे. कौशल्याचा नाही, पैशाचाही फारसा नाही. एका कामाला चिकटून राहणाऱ्या, दुसरं काही न सांगितलेल्या एका खात्याचा आहे.

पिस्टनवालं दीपकच मग हवाई दलात चालू राहिलं. हवेत इंजिन बंद पडण्याचे प्रकार होत राहिले, आणि इंजिन गेलं की हे विमान तरंगत फार लांब जात नसे. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षक वैमानिक गेले, तेव्हा सगळा ताफा जमिनीवर बसवला. तोवर या विमानाच्या १७ अपघातांत १९ वैमानिक गेले होते. पुढची काही वर्षं नवशिक्यांना सरळ किरण जेटवर बसवावं लागलं. घाईने विमान शोधलं आणि मे २०१२ मध्ये करार झाला: ७५ विमानं, किंमत २,९०० कोटींच्या घरात, नाव पीसी-७ मार्क-२, मुक्काम स्टान्स. आमच्याहून फक्त एका वर्षाने थोरल्या असलेल्या त्याच कंपनीकडून.

त्या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्विस कंपनीचा भाट आहे असं वाटेल. या करारात लाच दिल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि संरक्षण मंत्रालयाने पिलाटसशी व्यवहार वर्षभरासाठी थांबवला. त्याआधी, इराण-इराक युद्धात दोन्ही बाजूंकडे पीसी-७ होती आणि शिकाऊ म्हणून विकलेल्या विमानांना शस्त्रं लावली गेल्यावरून स्वित्झर्लंडमध्येच मोठा वाद झाला होता. साधू कोणी नाही. मला त्यांची नीतिमत्ता नको आहे, त्यांची चिकाटी हवी आहे.

एक गंमत म्हणून सांगतो. अँटनी संरक्षणमंत्री असताना पीसी-७ मार्क-२ हवाई दलात औपचारिकपणे दाखल झालं ते ३१ मे २०१३ ला, हैदराबादजवळच्या दुंडिगलला. आणि एचएएलचं नवं टर्बोप्रॉप शिकाऊ विमान, एचटीटी-४०, पहिल्यांदा उडालं तेही ३१ मे लाच, तीन वर्षांनी, २०१६ मध्ये. त्या आधी हवाई दलाला ते नको होतं, आणखी स्विस विमानं हवी होती. एचएएलने आपल्या खिशातून खर्च करून ते रेटलं. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटींचा करार झाला. इंजिन अमेरिकेचं. देशी भाग आज ५६ टक्क्यांच्या आसपास, पुढे साठच्या वर न्यायचा आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली ती आपल्याच राज्यात, नाशिकला.

'इंजिन परदेशी, मग विमान आपलं कसलं?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पीसी-७ चं इंजिन कॅनडाचं आहे, पीसी-९ चंही. पिलाटसने आजतागायत इंजिन बनवलं नाही आणि कोणी त्यांना परावलंबी म्हणत नाही. सांगाडा, पंख, कंट्रोल, जोडणी आणि पन्नास वर्षं सुटे भाग पुरवण्याची हमी, एवढं ज्याच्या हातात आहे तो विमान बनवतो.

शेजाऱ्याकडेही पाहायला हवं, जड जात असलं तरी. पाकिस्तानने सत्तरच्या दशकात एका साध्या स्वीडिश शिकाऊ विमानाचा परवाना घेतला. कामरा इथे मुश्शाक नावाने ते बनवत राहिले, मोठं इंजिन बसवून सुपर मुश्शाक केलं. आज तुर्कस्तान, कतार, नायजेरिया ही गिऱ्हाइकं आहेत, तुर्कस्तानने तर ५२ मागवली. त्यात कुठलीही थोर बुद्धी नाही. फक्त बंद पडू दिलं नाही.

आता माझ्या मूळ विषयावर येतो. विदर्भ.

गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर, इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात बांधलेल्या, २००८ पासून वैमानिक घडवणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथली विमानं डायमंड, आराखडा ऑस्ट्रियाचा. डायमंड कंपनी २०१७ पासून चिनी मालकीची आहे, हे जाता जाता. बेलोऱ्याला एअर इंडियाची अकादमी ठरली, वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचं उद्दिष्ट. त्यासाठी ३४ विमानं मागवली: ३१ पायपर, अमेरिकेतल्या फ्लोरिडाची, आणि दोन इंजिनांची ३ डायमंड. चंद्रपूरच्या मोरवा धावपट्टीचं नावही याच कामासाठी घेतलं जातं. म्हणजे देशातल्या शिकाऊ वैमानिकांचा मोठा वाटा येत्या काळात धान, कापूस आणि तुरीच्या वावरांवरून घिरट्या घालणार आहे. आमच्या तालुक्यातल्या कोणाला या विमानांची एक चकती घासायचं काम मिळणार आहे का?

थोडा हिशेब करू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. १८० विद्यार्थी म्हणजे वर्षाला ३६,००० तास. सिम्युलेटरचे तास वजा केले, काही विद्यार्थी गळाले असं धरलं, तरी आकडा मोठाच राहतो. अशा विमानाची ठरावीक तासांनी तपासणी करावीच लागते, शंभर तासांची तर हमखास. फक्त शंभर तासांच्याच धरल्या तरी ३६,००० तासांना ३६० तपासण्या, म्हणजे रविवार-सणवार धरून जवळपास रोज एक. टायर, ब्रेक, प्रोपेलरच्या कडेचे टवके, कंट्रोलच्या तारांचा ताण, एक्झॉस्टच्या भेगा. शिकणारं पोरगं विमान जमिनीवर आदळतंच, त्यामुळे चाकांच्या दांड्याचं काम कायमचं. हे काम बाहेरून माणसं आणून होईल किंवा इथली माणसं तयार करून होईल. दुरुस्ती इथे रुजली तर तिच्यातून कारखाना उगवतो. स्टान्सला तसंच झालं, बंगळुरलाही.

आपल्याकडे सगळं उलट्या क्रमाने मागतात. आधी भूमिपूजन, मग शेड, मग यंत्रं, आणि माणूस सर्वांत शेवटी. मी ज्या संस्थांमध्ये शिकवलं, त्यांची नावं घेत नाही, पण लेथवर हात बसायच्या आत पोरांची परीक्षा येते हे मी आयुष्यभर पाहिलं. मिहानमध्ये दसॉच्या कारखान्यात फाल्कनच्या नाकाचे भाग बनतात, काम उत्तम आहे, पण ते कुशल तंत्रज्ञ नांदगाव खंडेश्वर, सडक अर्जुनी, पोंभुर्ण्यातून किती गेले हे आपण कधी विचारलंत का?

आणि देशी विमान हाताशी आहे, हे बहुतेकांना माहीतच नाही. बंगळुरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, हंसा नावाचं दोन आसनी विमान बनवलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, २००० साली त्याला प्रमाणपत्र मिळालं. सगळं काचतंतू आणि रेझिनचं, म्हणजे फायबरचं. खास फ्लाइंग क्लबांसाठी. डझनभराच्या आसपास बनलं आणि थांबलं. नवी आवृत्ती, हंसा-एनजी, उडाली सप्टेंबर २०२१ मध्ये. पुन्हा तेच, मधे दोन दशकांचं भगदाड! २०२५ मध्ये एनएएलने त्याच्या उत्पादनाचं काम मुंबईच्या एका खासगी कंपनीकडे दिलं. हे विमान चाललं तर पुढच्या पिढीत फ्लोरिडाकडे पाहावं लागणार नाही. पण विमान फक्त उडून चालत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं, आणि सुरुवातीचं गिऱ्हाईक सरकारी संस्थांनीच व्हावं लागतं. पिलाटसचं पहिलं गिऱ्हाईक स्विस हवाई दल होतं. एचटीटी-३४ ला तेच मिळालं नाही.

काचतंतूचं एक सांगतो, कारण ते आमच्या हवामानाशी जोडलेलं आहे. अशी विमानं पांढरी रंगवतात ती शोभेसाठी नाही. गडद रंग उन्हात तापतो आणि रेझिनचा सांगाडा एका मर्यादेपलीकडे तापू द्यायचा नसतो. अकोला-वर्ध्याच्या मे महिन्यात डांबरी अ‍ॅप्रनवर, म्हणजे विमानं थांबवायच्या जागेवर, उभ्या विमानाच्या कातडीचं तापमान किती जातं, दुरुस्तीचं रेझिन मिसळल्यावर किती मिनिटांत घट्ट होतं, हे प्रश्न स्टान्सला कधी पडणार नाहीत. इथे पडतील. फायबरचे कूलर बनवणारी पोरं अमरावती-अकोल्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांचं काम विमानाच्या दर्जाचं नाही, त्यासाठी बंद खोली, ठरावीक तापमान, ठरावीक आर्द्रता आणि प्रत्येक थराची नोंद लागते. पण हात तयार आहे. शिस्त शिकवता येते, ती शिकवण्यातच माझी सगळी नोकरी सरली.

तर आपण काय करावं? खासदारांनी लोकसभेत एक साधा प्रश्न टाकावा: सरकारी पैशावर किंवा सरकारी जमिनीवर चालणाऱ्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांनी येत्या पाच वर्षांत किती हंसा-एनजी घेण्याचं ठरवलं आहे? उत्तर शून्य आलं तर ते शून्य छापून येऊ द्या. आमदारांनी राज्याच्या कौशल्य विकास खात्याकडून अमरावती आणि गोंदियाच्या एकेका आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा आणि काचतंतू दुरुस्तीचा अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा, आणि बेलोऱ्याची जमीन देताना केलेल्या कराराच्या पुढच्या प्रत्येक वाढीला स्थानिक तंत्रज्ञांची अट जोडावी. जमीन राज्याच्या विमानतळ कंपनीची आहे, अट घालण्याचा अधिकार राज्याला आहे. आणि नाशिकला एचटीटी-४० ची साखळी धावू लागली आहे, तिला लागणारे लहान भाग, ब्रॅकेट, पाइप, जिग हे बुटीबोरी, हिंगणा आणि नांदगाव पेठच्या एमआयडीसीतून जाऊ शकतात. त्यासाठी एचएएलच्या खरेदी अधिकाऱ्यांना नागपुरात दोन दिवस बसवून आमच्या उद्योजकांसमोर नुसती नकाशांची फाइल उघडायला लावा. कार्यक्रमाला मांडव लागत नाही.

मोठं काही मागू नका. मोठं मागितलं की ते गुजरातला जातं आणि आपल्याकडे त्यावर पत्रकार परिषद होते. बडनेऱ्याला रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना आहे. त्याला सुरू व्हायला लागलेला काळ सगळ्यांना ठाऊक आहे, पण दुरुस्तीचं काम इथे होऊ शकतं हे त्याने दाखवलं. बेलोरा तिथून काही किलोमीटरवर. विमानाच्या दुरुस्तीची एक शेड तिथे उभी राहिली, दहा वर्षं नीट चालली, तर अकराव्या वर्षी तिथलाच एखादा पोरगा म्हणेल की हे पंखाचं टोक आपणच बनवू. तिथून पुढे किती वर्षं लागतील हे सांगणारा माणूस खोटं बोलतोय असं समजा. पिलाटसला पहिल्या दुरुस्तीपासून पीसी-७ पर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं लागली. निवडणूक दर पाच वर्षांनी येते, याची मला कल्पना आहे. म्हणूनच हे पत्र एका पक्षाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे, म्हणजे एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने बंद करू नये.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं. आपल्यापैकी कोणाला या विषयावर बोलायचं असेल तर आमदार निवासात अर्धा तास द्यावा. एचटी-२ पासून हंसापर्यंतचे कागद, आयटीआयच्या अभ्यासक्रमाचा मी तयार केलेला मसुदा आणि ३६,००० तासांचा हिशेब बरोबर घेऊन येईन. गाडी पाठवू नका, एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट लागतं.

आपला नम्र,
एक निवृत्त निदेशक, फिटर ट्रेड
तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती